आधी तुझा घास

डुलुथ, मिनेसोटा
१० नोव्हेंबर १९९७

रेइनो,

फोनवर तुझ्याकडून ‘हं’ आणि ‘बरं’ याखेरीज तिसरा शब्द निघत नाही, आणि माझा उजवा कान तर आता शोभेपुरताच उरलाय. शिवाय आयली शेजारी बसलेली असताना तू तिच्याबद्दल काय बोलणार? म्हणून लिहिते. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

गेल्या महिन्यात तुमच्याकडं चार दिवस राहून आले आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. धाकटी बहीण आहे माझी ती. कंपवाताला पाच वर्षं झाली. पूर्वी हात थरथरायचे तेवढंच. आता तिला उठवायचं तू, कपडे घालायचे तू, भरवायचं तू. आवाज इतका खोल गेलाय की कान तिच्या ओठांना लावावा लागतो. आणि तू काही आता बर्फ हटवायच्या गाडीवर बारा तास बसणारा रेइनो राहिला नाहीस. एकाहत्तर वर्षांचा आहेस. बारा वर्षांचा मधुमेह, त्यातली नऊ वर्षं इन्सुलिनच्या सुईची. तू पडलास तर तिला कोण उचलणार?

माझ्या घरापासून दोन चौक सोडून जे वृद्धगृह आहे, तिथं तळ्याच्या बाजूची एक खोली मार्चमध्ये रिकामी होतेय. मी आयलीचं नाव घालून ठेवलंय. ३१ जानेवारीपर्यंत हो की नाही सांगायचंय. तू माझ्या मागच्या खोलीत राहा, रोज तिला भेटायला जा. मी तोंडाळ आहे, पण स्वयंपाक बरा करते, हे तू स्वतःच कबूल केलंयस.

चिडू नकोस. चिडलास तरी उत्तर लिही.

हेल्मी


टापिओला, मिशिगन
१९ नोव्हेंबर १९९७

हेल्मी,

चिडलो. उत्तर लिहितोय.

आयली इथंच राहील. तुझ्या त्या वृद्धगृहातल्या पोरी चांगल्याच असतील, मी नाही म्हणत नाही. पण आयली थकली की आधी तिची इंग्रजी जाते आणि फिनिश तेवढी उरते. तिथं पहाटे पाणी मागितलं तर ते पाणी आहे हे कोणाला कळणार? ‘आजी जरा बडबडतेय’ म्हणून पांघरूण सारखं करतील आणि जातील. सेहेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. तिच्या भुवया हलल्या तरी मला कळतं काय हवंय ते.

आणि माझ्या साखरेची चिंता तू करू नकोस. आज सकाळी एकशे बत्तीस होती. रोज दोनदा चालत टपालपेटीपर्यंत जाऊन येतो, जाऊन-येऊन अर्धा मैल होतं. बर्फ वाढला की स्की लावीन. बटाटा मुठीएवढाच, आणि राय धान्याचा काळा पाव एकच काप. तळपायांना जखम आहे का ते पूर्वी आयली दर शनिवारी सौनात, वाफेच्या न्हाणीत, बघायची, चष्मा लावून, एकेक बोट फाकवून, आणि वर नखं कापत नाही म्हणून बोलणी ऐकवायची. आता मी जमिनीवर आरसा ठेवून बघतो. आरसा बोलत नाही, एवढाच फरक.

दुपारचं आणि संध्याकाळचं आमचं घड्याळासारखं चालतं. बाराला आणि साडेचारला माझी सुई. मग आयलीला भरवतो, त्याला पाऊण तास लागतो, कधी तासभर, घाई केली की तिला ठसका लागतो. तिचं झालं की मग माझं ताट. शनिवारी दुपारी परसातला सौना तापवतो. तिला फार वाफ सोसत नाही म्हणून बाहेरच्या खोलीत बाकावर घोंगडीत गुंडाळून बसवतो, दार उघडं ठेवतो, म्हणजे मी दगडांवर पाणी घालतो तो आवाज तिला ऐकू येतो. तेवढ्यानं तिचा चेहरा सैल होतो. सांग बरं, तुझ्या तळ्याच्या बाजूच्या खोलीत सौना आहे का?

तेव्हा ते नाव काढून टाक.

रेइनो


टापिओला
८ डिसेंबर १९९७

हेल्मी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, यावरून काय ते समज.

आयली खात नाहीये. गेल्या रविवारच्या आदल्या रविवारपासून, म्हणजे ३० तारखेपासून. सकाळी कॉफीबरोबर लापशी घेते, आम्ही दोघं एकदमच घेतो ती. पण दुपारी आणि संध्याकाळी चमचा पुढं केला की ओठ घट्ट मिटते आणि माझ्याकडं टक लावून बघत बसते. मासा केला, शेजारच्या ओन्नीनं दिलेला, ताजा. नाही. बटाट्याचं सार केलं, तिच्या आईच्या पद्धतीनं. नाही. तासभर विनवण्या करतो. मधूनच ओठ हलवते, काहीतरी सांगायचं असतं, पण मी म्हणतो, बाई, बोलणं मागाहून, आधी चार घास खा. शेवटी तिचं ताट झाकून ठेवतो आणि माझं मी मोरीपाशी उभ्यानं उरकतो, तिच्या पाठीमागं. ती उपाशी असताना तिच्यासमोर बसून गिळायची मला लाज वाटते.

डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं की या दुखण्यात पुढं गिळणं अवघड होत जातं. ते आलं असावं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

तू तुझा नाताळ खराब करून घेऊ नकोस.

रेइनो

ता.क. ओन्नीची बायको लेम्पी तुला नाताळचं कार्ड पाठवील. त्यात माझ्या भुवईबद्दल काही लिहिलं असलं तर मनावर घेऊ नकोस. बर्फावर पाय घसरला. दोन टाके.


डुलुथ
१५ डिसेंबर १९९७

रेइनो,

बर्फावर घसरलास? तू? चाळीस वर्षं बर्फावर जगलेला माणूस? असो.

तिला ताबडतोब डॉक्टरीणबाईंकडं ने आणि गिळायची तपासणी करून घे. नाताळनंतर बघू, असलं काही मला ऐकायचं नाही. साराला जरा दाटपणा आण, पातळ पाणी घशात लवकर अडकतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली, रडकी पोरं खाऊ घातली, पण मिटलेल्या तोंडापुढं माझंही कधी काही चाललं नाही.

आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण लिहिते. तिथल्या परिचारिकांना अशा माणसांना भरवायचं शिकवलेलं असतं. खोली अजून आहे.

सोबत निसूचा गोड पाव पाठवलाय, वेलदोडे जास्त घातलेत, आयलीला आवडतो तसा. तू एकच पातळ काप. मला इथून दिसतं.

हेल्मी


टापिओला
४ जानेवारी १९९८

हेल्मी,

आयलीचं वजन अकरा पौंड उतरलंय. तिला उचलताना कळतंच, काट्याची गरज नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाणी पाजून बघितलं, बिस्किट देऊन बघितलं. गिळणं ठीक आहे म्हणाल्या. मी म्हटलं, मग खात का नाही? तर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “कधीकधी माणूस आतून थांबायचं ठरवतो, रेइनो.” मी उठलो. टोपी घातली, आयलीला गाडीत बसवलं आणि घरी आलो. वाटेत तिनं माझ्या बाहीला धरून ठेवलं होतं.

पण पुढचं ऐक. नाताळच्या दुसऱ्या दिवशी लेम्पी आणि ओन्नी कॉफीला आले. तुझा निसू कापला. लेम्पीनं मला बळंच खुर्चीत बसवलं, कॉफी ओतली, बशीत काप ठेवला, म्हणाली, “तू बस रे, आज मी बघते सगळं.” मी काप खाल्ला, ओन्नीच्या मोटारीची रडगाणी ऐकली. आणि बघतो तर लेम्पी आयलीला कॉफीत बुडवून निसू भरवतेय आणि आयली खातेय! दोन काप खाल्ले. वर मासाही खाल्ला. लेम्पी आपली हसतेय, “बघ, कशी शहाण्यासारखी खाते!”

पाहुणे गेले. संध्याकाळी मी चमचा पुढं केला. तोंड बंद.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हेल्मी. तिला जेवण नको आहे असं नाही. तिला माझ्या हातचं नको आहे. मी तिला उचलताना कधी दुखवलं असेल, कधी आवाज चढला असेल. चढतो माझा आवाज, मी खोटं बोलत नाही. माझ्या डोक्यात दुसरं कारण येत नाही. मी तिच्यासमोर रात्रंदिवस एकटाच, तिलाही कंटाळा आला असेल.

परक्या बाईच्या हातून जर ती जेवणार असेल, तर तुझ्या तिथल्या पोरी परवडल्या. फिनिश कळो न कळो, पोटात तरी काही जाईल. तू म्हणत होतीस तेच खरं. कागद पाठवून दे, मी सही करतो. मी तुझ्या मागच्या खोलीत नाही येणार. ती मला बघून तोंड मिटत असेल तर मी जवळ असून काय करू?

तिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं तेही मला ठाऊक नाही.

रेइनो


डुलुथ
१२ जानेवारी १९९८

रेइनो लेकिओला, तुला काय म्हणावं!

लेम्पीचं कार्ड आलं नव्हतं. चार पानी पत्र आलं. तिच्या पोटात महिनाभर ती गोष्ट राहिली हेच नवल, बिचारीचा जीव गुदमरला असणार. ओन्नीनं तुला गप्प राहायचं वचन दिलं होतं, तिनं दिलं नव्हतं, असं तिनं वरतीच लिहून टाकलंय.

म्हणजे तू बर्फावर घसरला नाहीस. २९ नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, तू सुई टोचून घेतलीस, आयलीला भरवलंस, आणि स्वतः रिकाम्या पोटी सौनात गेलास. आपल्याकडं सौनाआधी कोणी जेवत नाही, म्हणून तूही जेवला नाहीस! वाफेनं सुईचं औषध अंगात झपाट्यानं भिनतं, हे मला लेम्पीकडून कळावं आणि तुला ठाऊक नसावं? साखर खाली आली, बाहेरच्या खोलीपर्यंत कसाबसा आलास आणि आयलीच्या पायाशी कोसळलास. ती घोंगडीत गुंडाळलेली, हाक मारायला आवाज नाही. तिनं पायानं ढकलत ढकलत पाण्याची पत्र्याची बादली बाकावरून खाली पाडली. ओन्नी अंगणातला बर्फ ओढत होता, त्याला आवाज गेला. तो आला तेव्हा तू बरळत होतास, भुवईतून रक्त येत होतं. त्यानं तुला बसतं केलं आणि साखर घालून संत्र्याचा रस पाजला. आणि आयली बाकावर रडत होती.

आता नीट वाच. हे मी काल संध्याकाळपासून तीनदा ताडून पाहिलंय, तुझी सगळी पत्रं टेबलावर मांडून.

तू पडलास २९ तारखेला. आयलीनं तोंड मिटलं ३० तारखेला.

सकाळी ती लापशी खाते. सकाळी तूही तिच्यासमोर बसून खातोस. नाताळात ती जेवली. नाताळात लेम्पीनं तुला आधी बसवून खायला घातलं होतं. दुपारी-संध्याकाळी ती जेवत नाही. तेव्हा तू सुई टोचून घेतलेली असतेस, उपाशी असतोस, आणि चमचा तिच्यापुढं धरतोस. मग मोरीपाशी जाऊन खातोस, तिच्या पाठीमागं, म्हणजे तू खाल्लंस हे तिला दिसतच नाही.

ती तुझ्यावर रुसलेली नाही, मूर्खा. ती थांबायचंही ठरवत नाहीये. तू आधी खावंस म्हणून ती अडून बसलीय. तिच्या हातात दुसरं काय उरलंय?

तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हाचं जेवण तुला आठवत नसेल, मला आठवतं, कारण मी तेव्हा शरमेनं लाल झाले होते. वीस माणसं टेबलाला. पाद्रीबाबा प्रार्थनेसाठी हात जोडून उभे. आणि आयलीनं तुझ्यापुढं भरलेलं ताट ठेवलं नि म्हणाली, “तू सुरू कर.” मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, ही काय रीत झाली? तर म्हणाली, “त्याची सुई टोचून पंचवीस मिनिटं झाली, हेल्मी. देव थांबेल.” कित्येक वर्षं ती घड्याळ बघून तुला जेवायला घालत होती. तुला वाटत होतं तुझी साखर तूच सांभाळतोस.

दोष माझाही आहे. ‘तिचं झालं की मग माझं ताट’ हे तू नोव्हेंबरातच लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि मला ते बरोबरच वाटलं. आजाऱ्याला आधी, वाढणाऱ्यानं शेवटी, असंच आई शिकवून गेली आम्हा बहिणींना. आणि मी वर तिला घराबाहेर काढायच्या गोष्टी करत होते.

कागद मी पाठवत नाही. आधी एक कर. तिच्यासमोर खुर्ची टाक, तुझं ताट मांड, आणि ती बघत असताना खा. मग चमचा पुढं कर. काय होतं ते मला लिही. माझं चुकलं असेल तर ३१ तारीख अजून लांब आहे.

आणि तिला बोलू दे रे. दीड महिना ती काहीतरी सांगतेय आणि तू तिला गप्प करतोयस.

हेल्मी


टापिओला
२० जानेवारी १९९८

प्रिय हेल्मी,

पत्र शुक्रवारी आलं. टपालपेटीपाशीच उभ्यानं वाचलं, बोटं बधिर झाली तरी कळलं नाही.

घरी आलो तेव्हा जेवणाची वेळ झालीच होती. सुई टोचून घेतली. टेबलाला बसलो, तिच्या अगदी समोर. बटाटा, मासा, बीट. पहिला घास घेतला. ती बघत होती. चावताना मला इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. गिळला. दुसरा घेतला. तिची नजर माझ्या गळ्यावर होती, खाली उतरला की नाही ते बघत होती. अर्धं ताट झालं तेव्हा मी तिच्यासाठी चमचा भरला.

तिनं तोंड उघडलं.

हेल्मी, मी ढसाढसा रडलो. चमचा हातात तसाच. तिनं तोंड उघडं ठेवून वाट बघितली, मग मीच भानावर आलो आणि घास घातला. सगळं ताट जेवली. वर अर्धी वाटी दही.

नंतर मी खुर्ची जवळ ओढली, कान तिच्या ओठांशी नेला आणि म्हटलं, सांग काय सांगायचंय. थांबलो. चारेक मिनिटं गेली असतील. मग म्हणाली, “आधी तू.” एवढंच होतं ते. हे दोन शब्द ती दीड महिना सांगत होती आणि मी तिला सांगत होतो की बोलणं मागाहून. अकरा पौंड गेले तिचे त्यात. हे मी स्वतःला माफ करणार नाही, आणि तूही करू नकोस. ती मात्र माफ करून मोकळी झालेली दिसते, कारण काल मी कॉफी सांडली तेव्हा ती हसली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं, सौनासकट. त्यांनी मला असं झापलं की बाहेर बसलेल्या म्हातारीनं हळूच ‘काय झालं हो?’ विचारलं. आता ताट समोर असल्याशिवाय सुई नाही. खिशात साखरेच्या गोळ्या. सौनाच्या दिवशी आधी बोट टोचून साखर बघायची, पाव आणि चीज खायचं, आणि एकट्यानं आत जायचं नाही. त्यामुळं आता ओन्नी सोबत बसणार आणि राजकारणावर बोलणार. ही वेगळी शिक्षा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी लेम्पी येणार आहे. इतके दिवस मी तिला ‘गरज नाही’ म्हणत होतो. गरज होती.

खोलीचं काय करायचं ते तू ठरव. मला आता स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटत नाही.

रेइनो


डुलुथ
२६ जानेवारी १९९८

रेइनो,

आज चालत वृद्धगृहात गेले आणि आयलीचं नाव काढून आले. तिथल्या बाईनं विचारलं, “त्या वारल्या का?” मी म्हटलं, “छे हो, ती कामात आहे.”

एक दिवस खोली लागेल, हे मला माहीत आहे आणि तुलाही. त्या दिवशी भांडू. त्या वेळी तिलाही विचारू, तिच्या ओठांना कान लावून, लागतील तेवढी मिनिटं थांबून.

रस्ते मोकळे झाले की एप्रिलमध्ये येते, महिनाभर राहते. माझी चादर धुऊन ठेव.

हेल्मी


टापिओला
८ फेब्रुवारी १९९८

(हे आयली सांगतेय, मी लिहितोय. तिनं बजावलंय की माझ्याकडचं काही घालायचं नाही. नऊ वाजता बसलो होतो, आता साडेअकरा होत आलेत. — रे.)

हेल्मी,

तुझा निसू कोरडा झाला होता. लोणी कमी पडलं.

रेइनोच्या तळपायांना जखम नाही. लेम्पीनं त्याचे पाय माझ्या मांडीवर ठेवले होते, मी पाहिले. नखं वाढलीत.

आज त्याची साखर एकशे अठरा. वेळेवर जेवतो आता.

तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. तो माझ्याकडं नीट आहे.

आयली